उंचीनं लावलेली नऊ पुस्तकं

आमच्या लातुरात निकाल लागला की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न बाहेर येतो, "पुस्तक कोणतं वापरलं?" किती तास बसला, कुणी शिकवलं, मुळात पोराला त्या विषयाची गोडी होती का, हे कुणी विचारत नाही. पहिल्या आलेल्याकडं एक पुस्तक असतं, ते आपल्याला मिळालं की आपलंही पोरगं पहिलं येतं, इतकी साधी श्रद्धा आहे. मीही या श्रद्धेला एकदा नारळ वाहिलाय. बारावीला मार्क बरे पडले म्हणून क्लासनं सत्कार ठेवला, आणि माइक हातात देता देता क्लासच्या सरांनी कानात सांगितलं, "आपल्या नोट्स म्हण." मी म्हटलं. प्रत्यक्षात मी औशाहून आणलेल्या थोरल्या बहिणीच्या वह्या वाचल्या होत्या, पण बहिणीच्या वह्या दुकानात मिळत नाहीत. समोरच्या आईबापांनी नोट्सचं नाव तळहातावर लिहून घेतलं. मला काहीही वाटलं नाही. अंगावर शाल होती, टाळ्या चालू होत्या, आणि सगळेच असं करतात हे मला ठाऊक होतं.

पुढं मी इंजिनिअर झालो. पुण्यात चौदा वर्षं प्रोग्राम लिहून पोट भरलं. मग घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा बायकोला आणि सामानाला घेऊन लातूरला परत आलो. पहिलं वर्षभर नातेवाइकांना वाटायचं की याची नोकरी गेलीय आणि हा लपवून राहिलाय. दिवसभर खोलीचं दार लावून एकटाच इंग्रजीत बोलत बसतो म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी बायकोला हळूच विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का?"

या इंग्रजी बोलण्यात एक अडचण होती. व्हिडिओवर सगळे सहकारी दिसायचे तेव्हा कुणाच्या मागं गिटार, कुणाच्या मागं झाडं, कुणाच्या मागं पुस्तकांची भिंत. माझ्या मागं एका खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणि टाकीतून उतरणारा पाइप. बंगळुरूच्या साहेबांनी एकदा काळजीनं विचारलं की तुम्ही गोदामात बसला आहात का. त्या दिवशी मी माळ्यावरचं एक खोकं खाली काढलं. पुण्यात माझ्यासोबत खोलीत राहणारा एकजण परदेशी गेला तेव्हा ते ठेवून गेला होता, परत आलो की घेतो म्हणून. तो परत आला नाही. खोक्यात प्रोग्रामिंगची आठ पुस्तकं होती, सगळी जाडजूड, कठीण पुठ्ठ्याची, उशाला घ्यावीत अशी. त्यांत माझं स्वतःचं एक मिसळलं आणि नऊ झाली. बायकोनं माझ्या खुर्चीमागं फळी ठोकून घेतली आणि पुस्तकं लावली. तिचा हात अशा कामात फार शिस्तीचा. आमच्या घरात डबे उंचीनं, पातेली उंचीनं, तशी पुस्तकंही उंचीनं. डाव्या हाताला सगळ्यात उंच, उजव्या हाताला सगळ्यात बुटकं.

पुढच्या मीटिंगला साहेब म्हणाले, "वा, अभ्यास दिसतोय." तेव्हापासून मी खुर्ची जरा बाजूला सरकवून बसू लागलो, फळी नीट दिसावी म्हणून.

आता खरं सांगून टाकतो. त्या आठ जाड पुस्तकांची मी फक्त मागची पानं वाचली होती, जिथं पुस्तक किती थोर आहे ते छापलेलं असतं. नववं, ते बुटकं, मात्र माझं होतं आणि मी ते तीनदा वाचलं होतं. दुसऱ्या कुणी लिहिलेला जुना प्रोग्राम कसा वाचायचा, न मोडता त्यात बदल कसा करायचा, एवढंच त्यात होतं. माझी भाकरी त्या पुस्तकावर आहे. पण दिसायला ते आठवीच्या वर्गाच्या फोटोत चुकून शिरलेल्या दुसरीतल्या पोरासारखं दिसायचं. एकदोनदा वाटलं, काढून टाकावं.

एका दुपारी मी जेवत असताना माझ्या मेव्हण्याचा फोन आला. तो नांदेडला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. माणूस प्रेमळ, धडपड्या, पण हातात घेतलं त्याचा मांडव घातल्याशिवाय त्याला राहवत नाही.

"दाजी, ॲडव्हान्स प्रोग्रामिंगची ब्याच काढून राहिलो. चांगली पुस्तकं सांगा ना. तुमच्यासारखी."

'तुमच्यासारखी' या शब्दानं माझं डोकं फिरलं. विचार करायला दोन दिवस मागायला हवे होते. तुझ्या पोरांना काय येतं, काय शिकायचंय, क्लासमध्ये कॉम्प्युटर किती चालू आहेत, हे विचारायला हवं होतं. पण पाच मिनिटांत माझी मीटिंग होती आणि तोंडात घास होता. मी ताट घेऊन खुर्चीत बसलो, मागं वळलो, आणि डावीकडून उजवीकडं पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचून दाखवली. तो लिहून घेत होता.

"याच क्रमानं वाचायची का, दाजी?"

"हाव," मी म्हणालो. "क्रमानंच."

तो एक शब्द मी का उच्चारला हे मला आजही सांगता येत नाही. नुसतं "कशीही वाचा" म्हटलं असतं तर दुकानदार वाटलो असतो. "क्रमानंच" म्हटलं की माणूस गुरू वाटतो.

महिन्याभरात बायकोच्या मोबाइलवर एक फोटो आला. नांदेडच्या एका चौकातला फ्लेक्स होता. वर मोठ्या अक्षरांत "ॲडव्हान्स प्रोग्रामिंग : नऊ ग्रंथ, एकच क्रम". खाली मी, प्रमुख मार्गदर्शक. फोटो आमच्या लग्नातला होता. फेटा कापून टाकला होता, पण कपाळावर मुंडावळीचे दोन मणी राहिले होते. बायको हसून हसून थकली. मी वरवर रागावलो, आणि नंतर आत जाऊन तो फोटो मोठा करून पाहिला.

क्रम फार चालला. झेरॉक्सवाल्यानं नवाचे नऊ ग्रंथ उतरवून, स्पायरल घालून संच काढले. पोरं एकमेकांना विचारू लागली, "तू कितव्यावर?" बहुतेक सगळी पहिल्यावरच होती. पहिलं पुस्तक कंपायलर कसा बनवतात यावरचं होतं, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवणारं साधन आतून कसं चालतं त्यावरचं. मी त्याच्या आत डोकावलो तेव्हा तिसऱ्या पानावर मला घाम फुटला होता. ते पहिलं का आलं? सगळ्यात उंच होतं म्हणून. ज्यांनी अजून साधा हिशेबाचा प्रोग्रामही नीट चालवला नव्हता, ती पोरं कंपायलरवर आदळून गळू लागली. मला वाटलं, आता बोंब होईल. झालं उलटंच.

"दाजी, लई भारी डोकं लावलं तुम्ही," मेव्हणा फोनवर म्हणाला. "पहिलंच सगळ्यात अवघड ठेवलं. चाळणीच लावली. टिकला तो टिकला. पालक लई खूश हायत."

पालक खूश होते हे खरं होतं. आपलं पोरगं पहिल्याच पुस्तकात नापास झालं, म्हणजे क्लास दर्जेदार आहे, असा त्यांचा समज. धर्माबादच्या एका आडत व्यापाऱ्यांचा मला फोन आला. चौथं पुस्तक पोराच्या संचात आलंच नाही, ते गाळलं तर चालेल का? मी थोडा वेळ गप्प राहिलो, विचार करतोय असं वाटावं म्हणून, आणि म्हणालो, "चालेल, पण मग पाचवं दोनदा वाचावं लागेल." ते म्हणाले, बरं झालं विचारलं. फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं, इतक्या सहज कसं जमलं म्हणून.

क्लासमधले अर्धे कॉम्प्युटर तोवर बंद पडले होते. कुणाचं अडलं नव्हतं. आधी ग्रंथ, मग यंत्र, असं मेव्हण्यानं भिंतीवर लिहूनच टाकलं होतं.

दिवाळीनंतर त्यानं कार्यक्रम ठेवला आणि प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावलं. अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला पोचलो. मंचावर टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर नऊ स्पायरल झेरॉक्स ओळीनं मांडलेले, तेही उंचीनं. झेरॉक्सला खरं तर उंची नसते, सगळा कागद एकाच मापाचा, पण बाइंडिंगवाल्यानं क्रमाचा मान राखून ते कापून लहानमोठे केले होते. त्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. ग्रंथपूजन झालं. मग एका विद्यार्थ्यानं पहिल्या ग्रंथातला दीड पानाचा प्रोग्राम तोंडपाठ म्हणून दाखवला, स्वल्पविराम, कंस सगळ्यांसकट, डोळे मिटून, आणि शेवटचा कंस बंद केल्यावर आईबाप उठून उभे राहिले. मी पाऊण तास "पुस्तक कसं निवडावं" यावर बोललो. पुस्तक आपल्याला निवडतं, असंही एक वाक्य टाकलं. त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मला ते फार आवडलं, हे कबूल करतो. चौदा वर्षं प्रोग्राम नीट चालवल्याबद्दल कुणी एकदाही टाळी वाजवली नव्हती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. तेविसेक वर्षांची, हातात रजिस्टर.

"सर, पहिल्या पुस्तकात चौथ्या प्रकरणाच्या शेवटी एक प्रश्न हाय. प्रोसेसरकडं हाताशी जागा कमी आन ठेवायच्या किमती, म्हंजे आकडे, जास्त, तर कोणती किंमत बाहेर मेमरीत ठेवायची? लेखकानं उत्तर दिलं न्हाई, वाचकावर सोडलंय. मी तीन रीती करून पाह्यल्या. तिन्ही कुठं ना कुठं अडतात. तुम्ही कशी केली?"

सभागृहात तिनं एकटीनंच पुस्तक वाचलं होतं. मंचावर तर कुणीच वाचलं नव्हतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, "हे उत्तर ज्याचं त्यानंच शोधायचं असतं." पुन्हा टाळ्या. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती माझं वाक्य रजिस्टरात लिहून घेत होती.

चहाच्या वेळी ती जवळ आली. किनवट तालुक्यातली, जंगलातल्या एका गावची. निवासी शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली, मग नांदेडला कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी.

"पूजेत हात जोडले न्हाईत म्हणून रागावू नका सर," ती म्हणाली. "आमच्या घरी पुस्तक पुजत न्हाईत. वाचतात."

मी मोठ्या मनानं म्हणालो, चालायचंच.

"बाबांनी मला एक वर्ष दिलंय. ह्या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत. तेवढ्यात प्रोग्रामिंगची नोकरी लागली तर लागली. न्हाईतर कॉम्प्युटर बंद आन भरतीचे फॉर्म. माझ्या मागं धाकटी हाय, तिचंही बघायचंय त्यांना. म्हणून विचारते, नऊ पुस्तकं वर्षात होतील का?"

"क्रम सोडला नाही तर होतील," मी म्हणालो. इतकं पोट धरून हसावं असं काही मी आयुष्यात बोललो नसेन, आणि ती हसली नाही. मान डोलवून निघून गेली.

मी लातूरला परतलो आणि तिला विसरलो. विसरलो असं म्हणतो खरा, पण मीटिंग चालू असताना कधीकधी मागची फळी टोचायची.

जुलै सरत आला होता. दुपारी दोन मीटिंगांच्या मध्ये दाराची बेल वाजली आणि ती उभी. मेव्हण्याकडून पत्ता घेऊन आली होती. गावाहून रेल्वेनं नांदेड, तिथून एसटीनं लातूर, असं पहाटेपासून चालू होतं. पाठीवरच्या पिशवीत तीन रजिस्टरं आणि तीन स्पायरल. दहा महिन्यांच्या आत तिनं तीन पुस्तकं संपवली होती. चाळून नव्हे. प्रत्येक प्रकरणाखालचा प्रत्येक प्रश्न सोडवून, क्लासात चालू कॉम्प्युटर मिळाला तेव्हा त्यावर आणि नाही मिळाला तेव्हा कागदावर.

"तो प्रश्न सुटला सर," ती म्हणाली, आणि टेबलावर रजिस्टर उघडून पंधरा मिनिटं मला समजावून सांगत राहिली. मी मान हलवत होतो. मला निम्मं कळलं. मग ती माझ्या फळीकडं गेली, तिसरं पुस्तक काढलं, खरा पुठ्ठा हातानं चाचपून पाहिला, आणि बोलता बोलता ते भलतीकडंच, पाचव्याच्या पलीकडं, ठेवून दिलं.

"चौथं सुरू करायच्या आधी एक विचारायला आले. पहिल्याचा दुसऱ्याशी काहीच संबंध लागत न्हाई. दुसऱ्याचा तिसऱ्याशी न्हाई. रोज वाटतं, पुढच्या पानावर लागंल. तुम्ही क्रम असा लावला म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार. मला कळून न्हाई राहिलं म्हणजे माझंच चुकतंय. कुठं चुकतंय तेवढं सांगा."

माझ्याकडं उत्तर तयार होतं. संबंध वरवर दिसत नाही, तो नवव्या पुस्तकानंतर एकदम उलगडतो, असलं काहीतरी. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बायको चहा आणि फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला घेऊन आली, ट्रे टेबलावर ठेवला, आणि सवयीनं तिची नजर फळीवर गेली.

"ते तिथं नाही हं बाळा," ती मायेनं म्हणाली आणि पुस्तक उचलून जागच्या जागी लावलं. "उंचीनं लावलीत मी."

मुलीनं फळीकडं पाहिलं. मग रजिस्टराचं पहिलं पान उघडलं. तिथं मेव्हण्यानं फळ्यावर लिहून दिलेली यादी होती, नऊ नावं, आकडे टाकून. ती बोट धरून एकेक नाव फळीशी ताडत गेली. डावीकडून उजवीकडं. नवव्यापर्यंत गेली तेव्हा बोट बुटक्या पुस्तकावर थांबलं.

"सर, हे उंचीनं हाय?"

"हो."

"तुम्ही वाचलीत का ही?"

"ते शेवटचं वाचलंय."

"आन बाकीची आठ?"

"नाही."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, पाणी आणायला उठलो असतो. ती खुर्चीत बसून बोटांवर आठवडे मोजत होती. दसरा दहा आठवड्यांवर आला होता. बायको ट्रेजवळ तशीच उभी होती, तिच्याही लक्षात आलं होतं, आणि ती माझ्याकडं पाहत नव्हती. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. परीक्षेत कॉपी करताना धरलं असतं तरी वाटली नसती. कॉपीनं फक्त माझं वर्ष बुडालं असतं.

"शेवटचं दाखवा," ती म्हणाली.

मी काढून दिलं. त्यावर भाजीचे डाग होते, कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, दोन पानं सुटली होती. तिनं उठून उभ्यानंच पहिलं प्रकरण वाचलं. चहा निवला. मी म्हणालो की नोकरीत दिवसभर हेच असतं, दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं आणि न मोडता बदलायचं. मुलाखतीतही हेच विचारतात. आपण नव्यानं कंपायलर बनवावा असं कुणी म्हणत नाही.

"हे दिवाळीत मिळालं असतं तर?"

मला गोड बोलता आलं असतं. "आत्ता तू मुलाखती देत असतीस," मी म्हणालो.

मग मी भडाभडा बोलू लागलो. माझा जुना लॅपटॉप देतो, रोज संध्याकाळी फोनवर शिकवतो, ओळखीच्यांना सांगतो. तिनं ऐकून घेतलं.

"ते नंतर. आधी बाबांना फोन करा. मला जे सांगितलं ते त्यांना सांगा, तसंच्या तसं. मी सांगितलं तर त्यांना वाटंल, मुदत वाढवायला बहाणा करून राहिली."

नंबर तिनंच लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. खोकं, फळी, मीटिंग, तोंडातला घास, बायकोची शिस्त, फ्लेक्स. "क्रमानंच" हा शब्दही गाळला नाही.  पलीकडून कोंबडा ओरडल्याचं ऐकू येत होतं.

"झालं?" गुरुजी म्हणाले.

"झालं, गुरुजी."

"मला ह्यातलं काही कळत न्हाई. पण छत्तीस वर्षं पोरांकडून धडे म्हणून घेतले. वाचून बोलणारा आन न वाचता बोलणारा, दोघांचा आवाज वेगळा असतो. तुमचं नांदेडचं भाषण पोरीनं मला मोबाइलवर ऐकवलं होतं. मी तिला तेव्हाच म्हणालो, हा गृहस्थ वाचलेला वाटत न्हाई. ती माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाई."

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. 

"आता ऐका. तिनं तीन पुस्तकं वाचली ना? ती तीन तुम्ही वाचा. तिच्यासारखी, प्रश्न सोडवून. दर रविवारी मी फोन करीन, आठवड्यात वाचलेलं मला मराठीत समजावून सांगायचं. तुमची तीन संपतील तेव्हा तिचं वर्ष संपलं असं मी धरतो. तवर ती ते बारकं पुस्तक शिकंल."

मला वाटलं, सुटलो. माझा वेग पाहता तिला म्हातारपणापर्यंत मुदत मिळाली होती.

त्याच संध्याकाळी मेव्हण्याला फोन करून खरं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्याही मनाला लागलं असणार, असं मला वाटलं. मग म्हणाला, "दाजी, मग उलटा काढू. बुटक्यापासून उंचीकडं. सुधारित क्रम!" मी ओरडलो, हातापाया पडलो, फ्लेक्सवरून माझा फोटो काढायला लावला. फोटो त्यानं काढला. सुधारित क्रमाचा फ्लेक्स पंधरा दिवसांत लागला, आणि एक सांगायला हवं, त्या बॅचची पोरं बुटक्यापासून सुरुवात केल्यामुळं निदान कॉम्प्युटर दुरुस्त करून मागू लागली. चुकीच्या कारणानं का होईना, चांगलं पुस्तक पहिलं आलं.

गुरुजींचा रविवारचा फोन सकाळी आठला येतो. पहिल्या रविवारी मी नेहमीसारखं गोलगोल सांगितलं. ते म्हणाले, "हे ऐकीव हाय. पान कितवं?" दुसऱ्या रविवारी मी पानं वाचून बसलो होतो, पण मराठीत सांगायला लागलो तसं कळलं की मलाच समजलेलं नाही. एका प्रकरणाला पाच रविवार लागले. जे पुस्तक दोन वर्षं माझ्या पाठीमागं उभं राहून माझी अब्रू राखत होतं, ते समोर उघडून बसलो की माझी अब्रू घेत होतं. तिकडं ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर बुटकं पुस्तक शिकत होती. रोज संध्याकाळी फोन करायची, आणि तिचे प्रश्न असे असायचे की तीनदा वाचलेल्या पुस्तकातही मी काही ठिकाणी नुसता सरपटत गेलो होतो हे कळायचं. दसरा झाला. दोन मुलाखतींत तिला नाकारलं. दुसऱ्या नकारानंतर ती चार दिवस फोनवर आली नाही आणि मी घरात कुणाशी धड बोललो नाही. थंडीत हैदराबादच्या एका लहान कंपनीत तिची निवड झाली. मुलाखतीत त्यांनी एक जुना, गुंतलेला प्रोग्राम पुढं टाकला आणि दुरुस्त करायला सांगितला. तिनं आधी तो दोनदा शांतपणे वाचला, म्हणून घेतलं, असं ते तिला म्हणाले. बायकोनं ते ऐकून डोळे पुसले, आणि माझेही भरून आले.

त्या रविवारी आठला फोन वाजला. मी आनंदानं उचलला.

"अभिनंदन गुरुजी! सुटलो आपण सगळे."

"ती सुटली," गुरुजी म्हणाले. "तिचे नऊ महिने गेले ते कुणी आणून देत न्हाई. तुमचं कुठवर आलं?"

"चौथं प्रकरण झालं. शेवटचा प्रश्न राहिलाय. प्रोसेसरकडं जागा कमी आणि किमती जास्त, तो."

"सोडवला?"

टेबलाच्या खणात तिच्या रजिस्टराची झेरॉक्स होती. तिनं जाताना माझ्यासाठी ठेवली होती, उत्तरासकट.

"नाही," मी म्हणालो. "मला येत नाही."

"मग प्रकरण झालं म्हणू नका," गुरुजी म्हणाले. "परत वाचा. पुढच्या रविवारी विचारतो."